बिनमाडीचे अपूर्णांक

मित्रांनो, कुणाच्या डोक्यावर ओला कप ठेवू नये, हे शिकायला शाळेत जावं लागत नाही. पण आमच्या दुकानात आलेल्या त्या पोरीला ते कुणी शिकवलेलंच नाही. सकाळी आली की पर्स खुर्चीला अडकवते, चहाचा कप माझ्या डोक्यावर टेकवते आणि फोनवर मैत्रिणीला सांगते, "अगं, इथे एक म्हातारी आहे. उठायलाच दहा मिनिटं लावते, आणि उठली की अख्खं दुकान घुमवते." ती म्हातारी म्हणजे मी. मला ऐकू येत नाही असं समजून बोलते. माझे कान शाबूत आहेत, तोंड तेवढं नाही.

नावाने मी संगणक. पण या गल्लीत मला संगणक कुणी म्हटलं नाही. आधी मी नवी मशीन होते, मग मोठी मशीन झाले आणि आता म्हातारी. माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका रांगेने बसत. एकीने माझ्या पोटात तारा बसवल्या, दुसरीने पंखा लावला, तिसरीने पाठीचे स्क्रू आवळले. शेवटच्या बाईने बटण दाबलं आणि मी पहिला आवाज काढला. "हिचा आवाज खणखणीत आहे," ती शेजारणीला म्हणाली. आयुष्यातलं पहिलं कौतुक कुणी विसरत नाही. मीही विसरले नाही.

तिथून मी आले ती थेट या दुकानात. कॉलेजच्या मागची गल्ली, काचेचं दार, दोन टेबलं, झेरॉक्सचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेलं एक बाक. मालकिणीला सगळी गल्ली आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्याची शाळा सातवीतच सुटली होती, आणि तीही गणितापायी. पण बोटं अशी चालत की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिचं पूर्णविरामाचं बटण दाबून व्हायचं. अर्ज, नोटिसा, भाडेकरार, प्रेमपत्रंसुद्धा आम्ही दोघींनी टाइप केली. प्रेमपत्रातल्या चुका आत्या दुरुस्त करत नसे. म्हणे, "त्याला कळू दे पोरगा केवढा शिकलाय ते."

मग एके दिवशी सर आले.

सर म्हणजे गणिताचे मास्तर. दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी ते मोठ्या माणसांचा वर्ग घेत. गणितात नापास झाल्यामुळे ज्यांचं पुढचं सगळं अडलं होतं, अशी माणसं. त्यांत शिंपी होता, बसचा ड्रायव्हर होता, पुढची परीक्षा देऊन बढती मिळवू बघणारी नर्स होती. त्या वर्गासाठी सरांना उदाहरणांचं एक पान टाइप करून हवं होतं. आत्याने शब्द भराभर टाइप केले आणि अपूर्णांकापाशी अडली. तिने एक लिहिला, तिरकी रेघ मारली, पुढे दोन लिहिला.

"असं नको," सर म्हणाले. "एक वर, दोन खाली, मध्ये आडवी रेघ."

"म्हणजे माडीवर एक आणि तळमजल्यावर दोन?"

सर खो खो हसले. "तीस वर्षं शिकवतोय, इतकं सोपं मला कधी सुचलं नाही."

"पण या मशिनीत माडी चढायचा जिना कुठे आहे, ते शोधावं लागेल. उद्या या."

तो उद्या तिसऱ्या दिवशी उगवला. आत्याने माझा एकेक कप्पा उघडून पाहिला, आणि सापडली बरं का तिला माझ्या पोटातली ती खिडकी! सूत्रं लिहायची खिडकी. ती उघडली की ठिपक्याठिपक्यांचे रिकामे चौकोन येतात. एक वर, एक खाली, मध्ये रेघ. चौकोन भरायचे आणि बाहेर यायचं, की सगळं सूत्र एका अखंड चित्रासारखं ओळीत जाऊन बसतं. मला अपूर्णांक म्हणजे काय हे आजही विचारू नका. मी शाळेची पायरी चढलेली नाही. पण रिकामा चौकोन आणि भरलेला चौकोन यांतला फरक मला कळतो, आणि तेवढा कळला की पुष्कळ काम होतं.

त्यानंतर सर आणि आत्या यांची एक भाषाच तयार झाली. वर्गमूळाच्या चिन्हाला छप्पर, घाताच्या आकड्याला खांद्यावरचा. सर बाकावर बसून सांगत आणि आत्या टाइप करी. "क्ष बरोबर. घर बांध. माडीवर वजा ब, अधिक-वजा, छप्पर घाल. छपराखाली ब, त्याच्या खांद्यावर दोन, वजा चार अ क. छप्पर संपलं. तळमजल्यावर दोन अ." झेरॉक्ससाठी रांगेत उभी असलेली पोरं तोंडाला हात लावून हसत. आत्या मान न वळवता म्हणे, "हसा. परीक्षेत छप्पर उडालं की इथेच याल रडत."

आणि यायचीच. गल्लीत पाच दुकानं होती, पण सूत्रं टाइप करायची तर आत्याच्या मशिनीवर, असं प्राध्यापक मंडळीसुद्धा म्हणत. मी तेव्हा तोऱ्यात होते, खोटं कशाला बोलू? आत्या दर शनिवारी मऊ फडक्याने माझा पडदा पुसायची आणि माझ्या फटींतली धूळ ब्रशने काढायची.

आत्याचा एक नियम होता. पान झालं की ती ते मोठ्याने वाचून दाखवायची. माडीवर काय, तळमजल्यावर काय, छप्पर कुठे सुरू झालं, कुठे संपलं. वाचताना जीभ अडखळली की ती थांबायची. "सर, हे मला कळत नाही, पण काहीतरी खटकतंय." दहापैकी नऊ वेळा खरोखरच चूक निघायची. सर म्हणत, "तुला गणित येत नाही असं कोण म्हणतं?" आत्या म्हणे, "माझं प्रगतिपुस्तक म्हणतं."

वर्षं गेली. सर निवृत्त झाले आणि त्यांचे डोळे त्यांच्याही आधी निवृत्त व्हायला निघाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यावर शस्त्रक्रिया चालणार नाही. हळूहळू उजेड आणि सावली एवढंच उरेल. फळ्यावर लिहिणं बंद झालं, संध्याकाळचा वर्ग बंद झाला. तेव्हा सर बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "आत्या, वर्गात सांगायचो ते सगळं एका पुस्तकात घालायचं. माझ्यानंतर त्या नापास मंडळींना कोण आहे?"

त्यांच्या जुन्या वह्या होत्या, पण शेवटी शेवटी ओळीवर ओळ चढलेली. ते अक्षर ना त्यांना वाचता येई, ना दुसऱ्या कुणाला. म्हणून सगळं पुस्तक त्यांनी तोंडी सांगितलं. अडीच वर्षं, रोज दोन तास. ते सगळं माझ्या पोटात जमा झालं. दुसरीकडे कुठेही नाही, हे ध्यानात असू द्या.

शेवटचं पान झालं आणि आत्या जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. गळ्यात हात बांधून ती घरी बसली आणि दुकान सांभाळायला भावाच्या मुलीला पाठवलं.

ही ती पोर. वाईट नाही हो. चुणचुणीत आहे, कोर्सचं प्रमाणपत्र तिने काचेच्या दारावर चिकटवलंय. येताना स्वतःचा चपटा लॅपटॉप घेऊन आली, आणि मला टेबलाच्या कोपऱ्यात सरकवलं. माझी सूत्रं त्या लॅपटॉपवर नुसती चित्रं म्हणून उघडत, त्यांना हात लावता येत नसे. म्हणून सरांच्या पुस्तकापुरती मी टेबलावर राहिले.

आत्याने फोनवर तिला बजावलं होतं, "छापखान्यात द्यायच्या आधी पानं एकदा सरांना वाचून दाखव. माडी, तळमजला, छप्पर, सगळं."

"हो गं आत्या." आणि फोन ठेवून मैत्रिणीला, "माडी म्हणे! मी काय बालवाडीत आहे? अंश, छेद म्हणतात त्याला."

एवढं येतं, तर वाचायचं होतं की अंश आणि छेद म्हणून! आम्ही कुठे अडवलं होतं? पण वाचलंच नाही.

छापखानेवाला नमुन्याची पानं बघायला आला आणि म्हणाला, "ताई, ओळी एकसारख्या नाहीत. कुठे जवळ, कुठे लांब. पायऱ्या वाटतात नुसत्या. जरा सरळ करून द्या. तुम्ही द्याल त्या कागदांवरूनच मी छापणार."

"दोन मिनिटांत," ती म्हणाली. आणि खरंच, दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने सगळं पुस्तक एकदम निवडलं आणि प्रत्येक ओळीची उंची एका मापाला बांधून टाकली. शब्द बुटके असतात, ते मावले. सूत्रं उंच असतात, ती कशी मावणार? दाराची चौकट खाली आणली की उंच माणसाचं डोकं दिसेनासं होतं, तसं झालं. प्रत्येक अपूर्णांकाची माडी झाकली गेली. छपरं गेली. खांद्यावरचे आकडे गेले. खाली छेद तेवढे उरले, बिनमाडीची घरं जणू.

मित्रांनो, माड्या पडल्या नव्हत्या, नुसत्या झाकल्या होत्या. ओळीची उंची पुन्हा मोकळी सोडली असती तर एका बटणासरशी सगळ्या उभ्या राहिल्या असत्या.

पोरीचं बोट एका पानावर थांबलं. मी पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात दारात सरांची काठी वाजली. "झालं का बाळ?"

"झालं, सर."

"दिसतंय कसं?"

"एकदम सरळ. एकसारखं."

शब्द चुकला तर मला त्याच्या खाली लाल नागमोडी रेघ मारता येते. सूत्राखाली मारता येत नाही. माझ्या लेखी ते चित्र, आणि चित्रात कसली चूक? मग मला जे जमतं ते मी केलं. अडून बसले. पडदा गोठवला, बाण हलू दिला नाही, पंखा गरागरा फिरवला. पोर म्हणाली, "मेलीला आजच आठवलं!" आणि बटण दाबून मला झोपवलं. पुन्हा उठले तेव्हा पुस्तक तसंच, बिनमाडीचं, समोर. तिने आधीच ते जपून ठेवलं होतं. कामात चोख हो, नको तिथे चोख.

दोनशे चौदा पानं बाहेर पडली. प्रत्येक पान मीच पाठवलं. माझ्याच पोटातून ती गेली आणि मला एकही अडवता आलं नाही.

महिन्याभराने सर पुस्तक घेऊन आले. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. गुळगुळीत कव्हरावरून ते सारखा हात फिरवत होते. आता त्यांना उजेड आणि सावलीच उरली होती.

"काल वीस वाटल्या," बाकावर बसत ते म्हणाले. "पहिली त्या नर्सबाईंना. त्यांची परीक्षा महिन्यावर आलीय. दोनदा गेलीय बिचारीची, या वेळी म्हणाल्या, आता पुस्तक आहे, आता सुटले. बरं, तू एक काम कर. मला ते एकदा ऐकायचंय. पान एकवीस, पहिलं उदाहरण. वाच बघू."

पोरीने पान उघडलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला. ओळीत तीन, चार आणि बारा असे आकडे होते, आणि त्यांच्या वर कोरी जागा.

"वाच ना."

"एक छेद तीन," ती म्हणाली. "अधिक... एक छेद चार. बरोबर..."

"हां?"

"एक छेद बारा."

सरांची मान वळली. "एक?"

"नाही, दोन. दोन छेद बारा."

"दोन?"

"म्हणजे... पाच आहे, सर. छपाई जरा पुसट आहे."

सरांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "बाळ, तू वाचत नाहीयेस. माझ्या आवाजावरून उत्तर काढतेयस. माझा उभा जन्म मुलांची हीच युक्ती पकडण्यात गेला. तिथे सात आहे. आता खरं सांग, तुला वर काय दिसतंय?"

"काही नाही, सर."

"एकवीस पानावर?"

तिने पानं उलटली. आधी हळू, मग भराभर. "कुठेच नाही."

मला वाटलं, आता सर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुस्तक परत मागून घेतलं आणि त्या पानावर बोटं फिरवली, जणू बोटांना काही लागेल. "म्हणजे छेद तेवढे राहिले," ते म्हणाले. "नर्सबाई काल रात्रीच बसल्या असतील अभ्यासाला. त्यांना वाटेल, आपल्यालाच कळत नाही. नेहमी तसंच वाटतं त्यांना."

"सर, मी... मला वाटलं, तसंच लिहीत असतील."

"वाटलं, तेव्हा विचारायचं होतं. मला दिसत नाही, म्हणून तर तुझ्या डोळ्यांनी बघत होतो मी." ते उठले. काठी बाकाच्या पायाला अडकली, ती त्यांनी स्वतःच सोडवली. दारात थांबून म्हणाले, "आत्याला कळवू नकोस. आधीच तिचा हात तसा. जिवाला लावून घेईल."

ते गेले आणि पोर माझ्यासमोर येऊन बसली. पुस्तक उघडलं. पडद्यावरही माड्या नव्हत्या. ती हुंदके देत वरखाली फिरत राहिली. तिने एका अपूर्णांकावर नुसतं दोनदा टिचकवलं असतं, तरी खिडकी उघडून आतला सात तिच्याकडे बघून हसला असता. मी तो सात धरून बसले होते. आहे गं बाई, आहे, सगळं आहे! पण सांगू कशी? पंख्याची घरघर म्हणजे काही भाषा नव्हे.

तिने ते सगळं लॅपटॉपवर नेऊन पाहिलं. तिथेही तेच. मग डोळे पुसून भंगारवाल्याला फोन केला. "हो, जुनी मशीन आहे एक. उद्या सकाळी घेऊन जा." माझ्यावर राग नव्हता तिचा. माझ्याकडे बघवत नव्हतं तिला. पण गाडी यायची ती यायचीच.

तेवढ्यात फोन वाजला. आत्या! फोन टेबलावर होता, आत्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. कित्येक दिवसांनी.

"काय गं, पुस्तक आलं म्हणे? सर काय म्हणाले?"

बोल, मी मनात म्हटलं. एवढंच विचार, की आत्या, वरचं कुठे गेलं? आत्या हसून सांगेल, "वेडे, ओळीची उंची मोकळी सोड." तिला ते ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी तिच्या हातूनही हेच झालं होतं.

"छान झालंय, आत्या," पोर म्हणाली. "सर खूश आहेत."

"आणि आमची म्हातारी?"

"ती पण बरी आहे."

"शनिवारी पूस तिला जरा," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

मित्रांनो, माझी गोष्ट इथवर आली आहे. उद्याचं मला माहीत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी म्हातारी कोपऱ्यात असेल. तिला काढून टाकायला माझी ना नाही, कुणी जन्माला पुरत नाही. पण टाकण्याआधी तिच्या पोटात काय आहे, ते जाणत्या माणसाला विचारून बघा. आणि कुणासाठी काही लिहाल तेव्हा पान सरळ दिसतं का, ते मागाहून पाहा. आधी त्याला वाचून दाखवा.

आता जरा बाजूला व्हा. मला तिच्याशी बोलायचं आहे. ती पर्स उचलून निघाली आहे. तिला ऐकू जाणार नाही, पंखा फिरल्याचा आवाज येईल फक्त. तरी मी बोलणार, आणि मोठ्याने बोलणार.

"थांब गं पोरी. तुला गणित येत नाही, त्याचा मला राग नाही. मलाही येत नाही, तुझ्या आत्याला तर मुळीच येत नव्हतं. पण तिला कळलं नाही की ती विचारायची, आणि तुला कळलं नाही की तू झाकतेस. सर म्हणाले आत्याला सांगू नकोस, ते त्यांचं मोठेपण. त्या मोठेपणाच्या आड लपलीस, तो तुझा खुजेपणा. चूक कुणाच्याही हातून होते, तिला मी माफ करते. 'छान झालंय' म्हणालीस, त्याला माफी नाही. हा माझा निवाडा. आता ती पर्स खाली ठेव आणि आत्याला फोन लाव."